सकाळचा अंदाज, संध्याकाळची पडताळणी: नोट्स ॲपमध्ये दिवसाच्या आखणीची घडी कशी बसवायची

सकाळी लिहिलेली कामांची यादी हा खरं तर एक अंदाज असतो. आज इतका वेळ हाताशी असेल, अमुक काम तासाभरात उरकेल, दुपारी डोकं ताळ्यावर असेल, हे सगळं आपण न लिहिता गृहीत धरलेलं असतं. अंदाज चुकणारच, त्यात विशेष काही नाही. पण तो कुठे आणि कितीने चुकला हे संध्याकाळी पाहिलंच नाही, तर उद्याचा अंदाजही तेवढाच चुकतो. याद्या करणारे पुष्कळ आहेत, डायरी लिहिणारेही आहेत. अडचण अशी की यादी एका ॲपमध्ये असते, डायरी दुसरीकडे, आणि दोन्हींची कधी गाठच पडत नाही. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एकाच गोष्टीवर उभी आहे: आखणी आणि आढावा एकाच पानावर, एकाच तारखेखाली.

वेळ किती लागेल? सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास. याहून जास्त लागत असेल तर काहीतरी अनावश्यक चाललंय असं समजा.

ॲप निवडताना

ॲपच्या निवडीवर लोक महिनोन्महिने घालवतात. तीन कसोट्या पुरेत. आजचं पान एका किंवा दोन टिचक्यांत उघडतं का? नेट नसताना लिहिता येतं का? आणि उद्या ॲप सोडायचं ठरलं, तर सगळा मजकूर साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढता येतो का?

ऑब्सिडियनमध्ये नोंदी तुमच्याच यंत्रावर एका फोल्डरमध्ये, मार्कडाउन या साध्या मजकूर-प्रकारात साठतात, त्यामुळे तिसरी कसोटी ते सहज पार करतं. लॉगसेक उघडलं की मुळातच आजच्या तारखेचं पान समोर येतं. ज्यांना जुळवाजुळव नको त्यांना ते सोयीचं पडेल. नोशनमध्ये रोजची पानं डेटाबेसच्या ओळींसारखी ठेवता येतात, तक्ते आणि गाळण्या (फिल्टर) चांगल्या आहेत, पण तिथे सजावटीचा मोह फार. गूगल कीप किंवा ॲपल नोट्स आधीपासून वापरात असेल तर तेही चालेल, फक्त साचा दर वेळी स्वतः चिकटवावा लागेल. पुढची उदाहरणं मी ऑब्सिडियन धरून देतो, कारण त्यात रोजच्या पानाची सोय आयती आहे. इतर ॲपमध्ये त्याच पायऱ्या वेगळ्या नावांनी सापडतील.

एकदा निवडलंत की निदान महिनाभर बदलू नका. दुसऱ्या ॲपमधलं एखादं वैशिष्ट्य कितीही खुणावत असलं तरी.

जुळवणी: एकदाच, अर्ध्या तासात

दोन फोल्डर करा. एकाचं नाव ‘रोजनिशी’, दुसऱ्याचं ‘साचे’. याहून जास्त फोल्डर आत्ता नकोत.

मग सेटिंग्जमध्ये कोअर प्लगइन्सच्या, म्हणजे ॲपसोबतच येणाऱ्या जोड-सोयींच्या, यादीत जाऊन ‘डेली नोट्स’ आणि ‘टेम्प्लेट्स’ हे दोन्ही सुरू असल्याची खात्री करा. डेली नोट्सच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी भरायच्या असतात: तारखेचा नमुना, नवं पान कुठल्या फोल्डरमध्ये जाईल आणि त्यात कुठला साचा ओतला जाईल. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवा, म्हणजे ९ मार्च २०२५ चं पान ‘२०२५-०३-०९’ या नावाने तयार होईल. आपण एरवी दिवस आधी लिहितो, पण तसं नाव दिलं तर फाइलींच्या यादीत सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात आणि मग सगळ्या दोन तारखा. वर्ष आधी असलं की नावांचा क्रम हाच काळाचा क्रम होतो.

ॲप उघडताच आजचं पान समोर येईल अशी सोय शोधून ती सुरू करा. फोनवर त्याच पानाकडे नेणारी खूण मुख्य पडद्यावर ठेवा. हे क्षुल्लक वाटतं, पण पान शोधावं लागलं की वाटेत दुसऱ्या नोंदी दिसतात आणि दहा मिनिटं तिथेच जातात.

फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर लिहिणार असाल तर एकच सिंक सेवा, म्हणजे दोन्हींवरच्या नोंदी सारख्या ठेवणारी सेवा, वापरा. एकाच फोल्डरवर दोन सेवा लावल्या की एकाच दिवसाच्या दोन प्रती तयार होतात आणि संध्याकाळी कुठली खरी हा घोळ निस्तरत बसावं लागतं.

साचा

‘साचे’ फोल्डरमध्ये ‘रोज’ नावाची एक नोंद करा आणि तिच्यात एवढंच लिहा (‘- [ ]’ म्हणजे काम झाल्यावर खूण करायचा चौकोन):

आज मोकळा वेळ: ___ तास

कामं (जास्तीत जास्त तीन)
- [ ] … / अंदाज: ___ मि. / प्रत्यक्ष: ___ मि.
- [ ] … / अंदाज: ___ मि. / प्रत्यक्ष: ___ मि.
- [ ] … / अंदाज: ___ मि. / प्रत्यक्ष: ___ मि.

जर… तर…:

नोंदी:

संध्याकाळ
ठरलं काय, झालं काय:
कशामुळे:
उद्या काय बदलायचं:

बस. मनःस्थितीचे गुण, पाण्याचे पेले, कृतज्ञतेच्या तीन ओळी, आजचं सुभाषित यांतलं काही सुरुवातीला घालू नका. त्या गोष्टी वाईट आहेत असं नाही, पण प्रत्येक रिकामा रकाना रोज एकदा तुमच्याकडे बघतो. चार दिवस तो रिकामा राहिला की पान उघडायलाच संकोच वाटू लागतो.

सकाळ: क्रम महत्त्वाचा

पान उघडल्यावर पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. कालच्या पानावरची शेवटची ओळ, ‘उद्या काय बदलायचं’, ती वाचा. ही पायरी गाळली की सगळी पद्धत पुन्हा यादी आणि डायरी अशी दुभंगते. ती विसरायला होत असेल, तर साच्याच्या अगदी वर ‘कालची शेवटची ओळ:’ असा रकाना घाला आणि ओळ हाताने उतरवा.

त्यानंतर कॅलेंडर. बैठका, प्रवास, आधीच दिलेल्या वेळा हे सगळं वजा करून आज खरोखर मोकळे तास किती उरतात ते मोजा आणि आकडा लिहा. आठ तासांच्या दिवसात सलग, स्वतःच्या कामाला मिळणारे तास बरेचदा तीनच निघतात. तो आकडा डोळ्यांसमोर असला की यादी आपोआप आखूड होते. आकडा न लिहिता केलेली यादी हवेतच असते.

आता कामं. तीनच का, असं कोणी विचारेल. तीनात काही जादू नाही. फक्त तीन कामं निवडताना बाकीची बाजूला ठेवावी लागतात, आणि आखणीचं खरं काम ते बाजूला ठेवणंच आहे. उरलेली कामं एका वेगळ्या ‘पुढची कामं’ नावाच्या नोंदीत राहू द्या. ती रोजच्या पानावर आणू नका. किरकोळ फोन, बिलं, उत्तरं द्यायचे ईमेल यांच्यासाठी एकत्र अर्धा तास धरा, पण त्यांना या तीनात जागा नको.

काम कसं लिहायचं यावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक याद्या इथेच फसतात. ‘अहवाल’ हे काम नाही, तो विषय झाला. ‘अहवालाच्या दुसऱ्या भागातले आकडे तपासून तक्ता पूर्ण करणे’ हे काम झालं. क्रियापद हवं, आणि काम संपलं हे ओळखता यायला हवं. ‘अभ्यास करणे’ कधीच संपत नाही; ‘तिसऱ्या प्रकरणाची उदाहरणं १ ते १२ सोडवणे’ संपतं. लिहिलेलं वाचल्यावर पहिली हालचाल कुठली करायची ते कळत नसेल, तर ते पुन्हा लिहा.

प्रत्येक कामासमोर मिनिटांचा अंदाज टाका. याला टाळाटाळ होते, कारण आकडा लिहिला की संध्याकाळी तो खोटा ठरू शकतो. नेमकं त्यासाठीच तो लिहायचा. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या वर्षाच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? तेव्हा म्हणाले, ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे ‘वाईटात वाईट’ धरलेला अंदाजही तोकडाच पडला. उगीच थोडी जास्त मिनिटं धरल्याने हा दोष जात नाही. मागच्या वेळी खरोखर किती लागली ही नोंद समोर असली तरच अंदाज सुधारायला आधार मिळतो, आणि ती नोंद तुमच्याच पानांवर साठत जाते.

शेवटी एक ‘जर-तर’ ओळ. आज काय आडवं येण्याची शक्यता आहे आणि आलंच तर मी काय करणार, एवढंच. ‘जर बैठक लांबली, तर तक्ता उद्यावर न ढकलता चार वाजता फक्त पहिले दोन स्तंभ भरेन.’ पीटर गोलविट्झर यांनी अशा जर-तर संकल्पांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसतं ‘हे करायचं आहे’ म्हणण्यापेक्षा कधी आणि कसं हे आधी ठरवलेल्यांना उद्दिष्ट गाठायला स्पष्ट मदत झाल्याचं दिसलं. मात्र अशी एकच ओळ लिहा. पाच जर-तर लिहिले की ती चिंतेची यादी होते.

दिवसभर

इथे फार सांगण्यासारखं नाही. एक काम संपवून दुसरं सुरू करताना ‘नोंदी’ खाली वेळ आणि एक ओळ टाका: ‘११:४०, तक्ता झाला, दोन आकडे जुळत नाहीत, विचारायचं आहे.’ मध्येच काही आठवलं तर तेही तिथेच लिहा आणि परत कामाला लागा. आठवलेली गोष्ट लगेच करायला घ्यायची नाही. टायमर लावायची गरज नाही. या वेळांवरूनच ‘प्रत्यक्ष’ मिनिटांचा रकाना भरता येतो. दहा मिनिटांचा फरक पडला तरी चालेल.

संध्याकाळ

ही वेळ झोपेच्या अगदी आधी ठेवू नका. दिवसाचं काम थांबतं त्या क्षणाला ती जोडा, लॅपटॉप मिटण्याआधी. थकून अंथरुणात पडल्यावर केलेला आढावा बहुधा एकतर ‘ठीक होता दिवस’ असा एका ओळीत आटोपतो, नाहीतर स्वतःवरचं आरोपपत्र होतो.

आधी आकडे भरा, मग शब्द. तीन कामांसमोरचे प्रत्यक्ष मिनिटांचे रकाने पूर्ण केले की ‘ठरलं काय, झालं काय’ ही ओळ जवळजवळ आपोआप लिहिली जाते. ती कोरडी असू द्या. ‘तक्ता झाला, पन्नासऐवजी पंच्याऐंशी मिनिटं. पत्राचा मसुदा सुरूच झाला नाही.’

दुसरा प्रश्न मी मुद्दाम ‘का’ असा ठेवलेला नाही. ‘का झालं नाही’ असं स्वतःला विचारलं की उत्तर चटकन स्वभावावर जातं: मी आळशी आहे, माझं लक्षच लागत नाही. अशा उत्तरातून उद्यासाठी काहीच हाती लागत नाही. ‘कशामुळे’ विचारलं, किंवा त्याहून बरं म्हणजे ‘नेमकं कुठल्या क्षणी बिघडलं’ असं विचारलं, की उत्तर प्रसंगाकडे वळतं. तक्त्याचे आकडे दोन वेगळ्या फाइलींत होते आणि त्या शोधण्यात अर्धा तास गेला. मसुदा सुरू झाला नाही, कारण कोणाला उद्देशून लिहायचं हेच ठरलं नव्हतं. अशा उत्तरावर काहीतरी करता येतं.

तिसरी ओळ त्यातूनच यायला हवी. ‘उद्या जास्त लक्ष द्यायचं’ हा बदल नव्हे. ‘सकाळी तक्त्याला हात घालण्याआधी दोन्ही फाइली उघडून ठेवायच्या’ हा बदल. एकच, लहान, उद्याच करता येण्याजोगा. दिवस चांगला गेला असेल तेव्हाही ही ओळ लिहा: काय जमलं ते उद्या पुन्हा कसं जमवायचं. चांगल्या दिवसांचा आढावा लोक गाळतात, आणि मग फक्त बिघाडांचाच इतिहास जमा होतो.

दिवस खरोखर वाईट गेला असेल, कोणाशी वाद झाला असेल, तर वेगळी नोंद उघडून हवं तेवढं लिहा. रोजच्या पानावर ते ओतू नका, कारण सकाळी हे पान पुन्हा वाचायचं आहे. आणि लिहिताना तीच तीन वाक्यं फिरून फिरून येऊ लागली की थांबा. तिथून पुढे आढावा होत नाही, नुसतं उगाळणं होतं.

झोपण्यापूर्वी डोक्यात उद्याची कामं घोळत असतील तर ती ‘पुढची कामं’ या नोंदीत पाच मिनिटांत उतरवा. बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपेआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांची कामं लिहिली, बाकीच्यांनी झालेली कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग लहान होता, एका रात्रीचा होता. तरी आढावा कामाच्या शेवटी आणि डोक्यात घोळणारी कामं उतरवणं रात्री, ही वाटणी त्यावरून पटते.

राहिलेल्या कामांचं काय

न झालेलं काम आपोआप पुढच्या दिवसाच्या पानावर नेणारी प्लगइन्स मिळतात. माझ्या मते ती या पद्धतीची सर्वांत मोठी शत्रू आहेत. काम आपोआप सरकलं की ते पुढे ढकलण्याची किंमत शून्य होते, आणि महिन्याभरात रोज सकाळी तीस कामांचं गाठोडं समोर येतं. काम हाताने पुन्हा लिहा. लिहायचा कंटाळा येतोय, हीच मोलाची माहिती आहे.

एकच काम तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर ते तसंच लिहायचं नाही. त्याचे तुकडे करा आणि फक्त पहिला तुकडा लिहा. किंवा त्याला कॅलेंडरमध्ये ठरावीक वेळ द्या. किंवा दुसऱ्याकडे सोपवा. किंवा सरळ खोडून टाका. खोडताना ‘पुढची कामं’मध्ये परत टाकायचा मोह होईल. तो मोह झाला तर शेजारी एक तारीख लिहा, त्या दिवशी पुन्हा पाहीन म्हणून.

आठवड्याचा अर्धा तास

सात पानं उघडा आणि त्यातल्या फक्त ‘कशामुळे’ आणि ‘उद्या काय बदलायचं’ या ओळी वाचा. एकच कारण तीनदा दिसलं तर ती त्या दिवसाची अडचण नव्हती, तुमच्या रचनेची होती. तीनदा ‘बैठक लांबली’ आलं असेल तर बैठकीनंतर लगेच महत्त्वाचं काम ठेवणं बंद करायला हवं.

मग अंदाजांची बेरीज आणि प्रत्यक्ष मिनिटांची बेरीज करा. समजा आठवड्याचा अंदाज होता ६०० मिनिटं आणि लागली ९००. ९०० भागिले ६००, म्हणजे दीड. पुढच्या आठवड्यात मनात येणाऱ्या प्रत्येक अंदाजाला दीडने गुणून मगच तो लिहा. चार-पाच आठवड्यांत कामाच्या प्रकारानुसार गुणक वेगळा निघतो हे लक्षात येईल: लेखनाचा एक, हिशेबाचा दुसरा, दुसऱ्यांच्या उत्तराची वाट बघावी लागणाऱ्या कामांचा तिसराच. हे आकडे साच्याच्या तळाशी लिहून ठेवा म्हणजे रोज समोर राहतील.

आठवड्यातून एकच नियम बदला. पाच बदलले तर कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही.

खंड पडला तर

पडणारच. फिलिपा लॅली आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी बारा आठवडे एकेक नवी सवय रोज पाळायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस पुरतील, कोणाला २५४ लागतील, असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. ‘२१ दिवसांत सवय’ या प्रसिद्ध समजुतीला यात आधार नाही. पण याच अभ्यासातली जास्त उपयोगी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

म्हणून चुकलेल्या दिवसाचं पान मागाहून भरू नका. आठवून लिहिलेल्या मिनिटांना काही अर्थ नसतो, आणि तीन दिवसांची थकबाकी भरायच्या धसक्याने चौथाही जातो. आजचं पान उघडा, शेवटचं भरलेलं पान जितकं जुनं असेल तितकं असो, त्याची शेवटची ओळ वाचा आणि सुरू करा. आजारपण, प्रवास, घरातली धावपळ अशा काळासाठी एक छोटा साचा वेगळा ठेवा: एक काम, एक ओळ. सलग दिवस मोजणारी साखळी मात्र टाळा. ती एकदा तुटली की पद्धतही तिच्याबरोबर जाते.

सूचनेच्या घंटीवर विसंबण्यापेक्षा आधीच रोज होणाऱ्या एखाद्या कृतीला हे जोडा. सकाळी खुर्चीत बसल्यावर ईमेलच्या आधी, संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याच्या आधी. घंटी काही दिवसांत कानाआड होते.

महिन्यानंतर

साच्यात बदल करायची हीच वेळ, त्याआधी नाही. जो रकाना निम्म्याहून जास्त दिवस रिकामा राहिला तो काढून टाका. जे वारंवार ‘नोंदी’त लिहिलं जातंय, त्याला हवा तर रकाना द्या. आता मनःस्थितीचे गुण घालावेसे वाटले तर जरूर घाला. कशासाठी हवेत हे तोवर कळलेलं असेल. महिन्याच्या पानांचा सारांश एखाद्या एआय साधनाकडून करून घ्यायलाही हरकत नाही, पण रोजच्या तीन ओळी त्याच्याकडून लिहून घेऊ नका. आणि पानं त्याला देण्याआधी त्यांत इतरांबद्दल काय लिहिलंय ते पाहून घ्या. याच कारणाने हे ॲप कार्यालयाच्या खात्यावर ठेवू नये, आणि फोनवर त्याला कुलूप असावं.

महिन्यातून एकदा सगळं फोल्डर दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका यंत्रावर चुकून पुसलेलं पान सिंक दुसऱ्या यंत्रावरूनही पुसतं. उतरवलेल्या प्रतीतली एखादी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून अक्षरं नीट दिसतात का तेही तेव्हाच तपासा.